सॅपर ते विज्ञानशिक्षक: सरांचं चरित्र जुळवताना

आमचे विज्ञानाचे सर गेले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं की त्यांच्यावर एक पुस्तिका काढायची. काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या तुकडीतली विज्ञान शिकवणारी मी एकटीच. फौजेत पंधरा-सोळा वर्षं आणि शाळेत त्याहून जास्त, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे प्रत्येकाकडे एकेक आठवण होती, आणि त्यातल्या बऱ्याच एकमेकींशी जुळत नव्हत्या.

सुरुवात आम्ही विद्यार्थ्यांपासून केली. व्हॉट्सअॅपवर "सरांबद्दल चार ओळी लिहा" असं विचारलं की शिस्तप्रिय, प्रेमळ, कडक पण मायाळू असले शब्द यायचे. कुठल्याही शिक्षकाला चालतील असे. मग प्रश्न बदलला: सरांचा कुठला तास आठवतो, टेबलावर काय ठेवलं होतं, फळ्यावर आकृती कसली होती? उत्तरांचा नूरच पालटला. कुणी दाबाचा धडा सांगितला. सर वर्गात पालथे झोपून दाखवायचे, की माणूस मऊ जमिनीवर आडवा झाला तर वजन तेच राहतं, पण क्षेत्रफळ वाढतं आणि दाब कमी होतो. आणि वेगवेगळ्या वर्षांच्या कितीतरी जणांनी एकच गोष्ट सांगितली: दोन टेबलांमधला पूल. अशा कामाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, गुण विचारू नका, प्रसंग विचारा.

फौजेची बाजू मात्र आठवणींवर सोडून चालणार नव्हतं. सरांना वीरचक्र मिळालं होतं, अशी आमच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दंतकथा. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ट्रंकेतून त्यांचं डिस्चार्ज बुक काढून दिलं. माजी सैनिकाच्या घरातला हा सर्वांत मोलाचा कागद. भरतीची तारीख, सर्व्हिस नंबर, ट्रेड, केलेले कोर्स, पदकं, निवृत्तीचं कारण, सगळं त्यात एकत्र मिळतं. शाई पुसट झालेल्या जागांसाठी आम्ही सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. ते काकूंच्या सहीनं गेलं, कारण सेवेची माहिती जवळच्या वारसानं मागणं हाच सरळ मार्ग. विद्यार्थ्यांची समिती कितीही मोठी असली तरी तिथे ती तिऱ्हाईतच. पत्राचा नमुना आणि सोबत काय जोडायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कळलं. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, जवळ असला की निम्मं काम झालंच म्हणून समजा.

चित्र असं उभं राहिलं. १९६२ च्या युद्धानंतर फौज वाढवायला सुरुवात झाली, त्या लाटेत इंटर सायन्स झालेला हा मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या फौजेच्या इंजिनिअर दलात, भरती झाला. ट्रेड सुतारकामाचा. नावावर १९६५ चं रक्षा मेडल, १९७१ चं संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार, शिवाय स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. वीरचक्र नाही. शौर्यपदकं भारताच्या राजपत्रात जाहीर होतात, त्यामुळे तिथे संदिग्धतेला जागा नसते. बाकीची पदकं त्या काळात किंवा त्या आघाडीवर सेवेत असल्याबद्दलची. ती मानाचीच आहेत, पण शौर्यपदकांपासून वेगळी. पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. सरांच्या पदकांवर ते भिंगातून नीट वाचता आलं.

वीरचक्राची गोष्ट पुस्तिकेतून काढायची म्हटल्यावर समितीत कुरबूर झाली. "लोकांची श्रद्धा आहे, राहू द्या की," असं एक ज्येष्ठ म्हणाले. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काढून टाक गं. त्यांनी कधी तसं सांगितलं का तुम्हाला?" नव्हतंच सांगितलं. सर २६ जानेवारीला बोलायचे ते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावर. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्यात दूर करून रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीरचक्र विजेते राणे बॉम्बे सॅपर्सचेच. स्वतःच्या युद्धाबद्दल सरांनी आम्हाला एक वाक्य ऐकवलं नाही.

शाळेतले कागद त्या मानानं लवकर हाती आले. सेवापुस्तिकेतून कळलं की फौजेतून आल्यावर सरांनी अर्धवट राहिलेली बी.एस्सी. पुरी केली, मग बी.एड. मध्यंतरी शिक्षणाचा १०+२+३ हा नवा आकृतिबंध आला होता, म्हणजे पस्तिशीचा हा माणूस वेगळ्याच पद्धतीनं शिकून आलेल्या विशीतल्या पोरांच्या बाकावर बसला. दोन मुलं पदरात असताना. यावर सेवापुस्तिकेत जेमतेम एक ओळ आहे. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसाचं पाऊल हेच.

खरा खजिना निघाला टाचणवह्यांत, म्हणजे तासाची तयारी लिहायच्या सरांच्या वह्यांत. शाळेच्या सामानाची नोंद असलेल्या जडवस्तू नोंदवहीत "लाकडी पूल, नमुना, स्वनिर्मित" अशी नोंद होती, पण वस्तू सापडेना. मग नववीच्या टाचणवहीत तिची आकृती सापडली, मापांसकट, आणि मी ती पुन्हा बनवायला घेतली.

फौजेतला बेली पूल, म्हणजे सुटे भाग जागेवर जोडून उभारायचा पूल, ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली यांनी दुसऱ्या महायुद्धात तयार केला. त्याचा एक पोलादी पॅनेल १० फूट लांब, वजन सुमारे २६० किलो, सहा जणांनी उचलायचा. पूल एकाच काठावर रोलरवर जोडतात आणि ढकलत दरीवर नेतात. मधे खांब नाही, वर क्रेन नाही. मग तो खाली का कोसळत नाही? टाचणात सरांनी हे असं मांडलंय: ६० सेंमी लांब, ६०० ग्रॅमची लाकडी पट्टी टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवा. ३० सेंमी बाहेर गेली की ती कलंडते, कारण गुरुत्वमध्य कडेच्या बाहेर पडतो. आता तिच्या तोंडाला ३० सेंमीची, फक्त १०० ग्रॅमची हलकी चौकट जोडा. एकूण लांबी ९० सेंमी झाली, पण गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून ३६ सेंमीच्या आसपासच राहतो, म्हणजे तब्बल ५३ सेंमी बाहेर नेता येतं. दोन टेबलांत ५० सेंमी अंतर ठेवलं तर चौकटीचं टोक पलीकडे टेकतं आणि मग जड पट्टी निर्धास्त ढकलता येते. त्या हलक्या भागाला सॅपर लोक लाँचिंग नोज म्हणतात. अधांतरी असताना त्याचं टोक थोडं लवतं, म्हणून ते मुद्दाम वर उचललेलं ठेवतात. सरांच्या आकृतीत तो उठावही आहे, लाल पेन्सिलीनं.

डिस्चार्ज बुकातला सुतार आणि टाचणवहीतला शिक्षक एकच आहेत, हे मला त्या पानावर स्पष्ट दिसलं. तोवर पुस्तिकेचे 'फौजी जीवन' आणि 'शिक्षकी जीवन' असे दोन भाग पाडले होते. ते मोडून टाकले. आता प्रत्येक प्रकरण एका धड्यापासून सुरू होतं आणि त्या धड्यामागचं फौजेतलं काम त्याच ओघात येतं. समितीला हे पटवायला वेळ लागला, पण मी हटले नाही.

छपाई झाली. मूळ कागद काकूंकडे परत गेले, स्कॅन शाळेच्या ग्रंथालयात ठेवले. नमुना मी यंदा माझ्या नववीच्या वर्गात वापरला. पूल पलीकडे टेकल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते पुढचं नोज काढायला पलीकडे माणूस कुठून येतो?" टाचणवहीत पुढच्याच पानावर सरांनी हाच प्रश्न लिहून ठेवलाय आणि खाली उत्तर: नोज पलीकडच्या काठावर सुटं करतात आणि तिथले रोलरही आधी मांडावे लागतात, त्यामुळे काही सॅपर होडीनं किंवा पोहत अगोदरच पलीकडे गेलेले असतात. हे पान पहिल्या छपाईत घेतलं नव्हतं. दुसरी छपाई दिवाळीनंतर आहे, तीत ते आकृतीसकट जातंय.