अडगावचे शिपाई आणि फवारणीची वेळ

दिवाळी झाली, तूर फुलोऱ्यावर आहे, पहाटे गोधडी सोडवत नाही. माझ्या धातूच्या छोट्या शिपायांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारायचे हेच दिवस.

२९ नोव्हेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली ते अडगाव आमच्या तेल्हारा तालुक्यातलंच. ती लढाई टेबलावर मांडायची म्हणून मी २८ मिलिमीटरचे धातूचे शिपाई जमवतोय. सध्या भोसल्यांच्या पदरचे बारा अरब शिपाई हाती आहेत.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथं अंगावर बारीक रेघ उठते. ती पात्याच्या पाठीनं खरवडायची, मग कानस. पगडीच्या घड्यांत आणि काखेत ती हमखास लपते; खिडकीच्या तिरप्या उजेडात मूर्ती फिरवली की सापडते. राहिली तर रंगानंतर गालावर वळ उठल्यासारखी दिसते. एकेका शिपायाला अर्धा तास लागतो, आणि तो मला रंगकामाहून प्रिय आहे. हात फेविक्विकनं जोडायचे, फट एम-सीलनं बुजवायची.

मग कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. साच्यातली पावडर आणि आपल्याच बोटांचं तेल राहिलं तर प्रायमर धरत नाही. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतलेले शिपाई वाळले की पांढुरके दिसायचे. आता शेवटचं पाणी फिल्टरच्या कॅनचं.

प्रायमरचा धडा मात्र बाबांनी दिला. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी अंगणात प्रायमरच्या फवाऱ्याचा डबा घेऊन बसलो. आठ शिपाई सँडपेपरसारखे खरखरीत झाले. त्या उन्हात थेंब मूर्तीवर पोचायच्या आधीच वाळतात आणि भुकटी होऊन बसतात. बाबा ओसरीवरून म्हणाले, "भर उन्हात फवारा मारते का कोनी?" कपाशीवर मी कधीच मारला नसता.

तेव्हापासून नियम वावरातलाच: सकाळी, दव उडाल्यावर, वारा पडलेला असताना. पावसाळ्यात डबा काढायचाच नाही. दमट हवेत थर धुरकट होतो. शिपाई फळीवर डबल टेपनं चिकटवायचे, डबा दोन मिनिटं हलवायचा, वीतभर अंतरावरून फवारा फळीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पातळ थर, थोडं थांबून दुसरा. दाढीचे केस बुजले तर थर जाड झाला.

आणि मास्क. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, तेव्हापासून आमच्या घरात नाकतोंड झाकल्याशिवाय कोणी पंप उचलत नाही. हा डबा लहान असला तरी तोच नियम.

ते आठ शिपाई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून, घासून पुन्हा उघडे केले. काल सकाळी बारा अरबांच्या फळीला तेही जोडले. आज वीसही जण करड्या रंगात ओसरीवर उभे आहेत, आणि पगडीची घडी न् घडी मोजता येते.