जंगलातल्या छोट्या लाकडी निवाऱ्याचा आराखडा

सध्या मी एका छोट्या निवाऱ्याचा आराखडा काढत आहे. जंगलातून पदभ्रमंती करणाऱ्या सहा जणांना पावसात आडोसा मिळावा आणि वेळ पडल्यास रात्र काढता यावी, एवढेच त्याचे काम. अशा बांधकामाविषयी बोलताना लाकूड कुठून आणि किती दुरून आणले याची चर्चा होते, ती व्हायलाही हवी. पण हा निवारा किती वर्षे उभा राहील, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. ५०० किलो भरणाऱ्या एक घनमीटर लाकडातला कार्बन हवेतल्या सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. ते लाकूड दहा वर्षांत कुजले, तर हा साठा पुन्हा हवेत जातो आणि दुसरे झाड तोडण्याची वेळ येते.

लाकूड नुसते जुने झाले म्हणून कुजत नाही. त्यातला ओलावा कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिला, तर कुजवणारी बुरशी त्याला धरत नाही. नॉर्वेतले बोर्गुंडचे लाकडी चर्च ११८० च्या सुमारास बांधले गेले आणि ते आजही उभे आहे. त्याआधीच्या काळात तिथे खांब सरळ जमिनीत पुरत असत आणि ते बुडाशी कुजत. पुढे दगडी पायावर आडवी तुळई ठेवून तिच्यावर सांगाडा उभारण्याची रीत आली आणि इमारती शतकानुशतके टिकू लागल्या. माझ्या आराखड्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका गोष्टीतून निघालेला आहे: कोणताही भाग भिजला, तरी तो लवकर वाळला पाहिजे.

सर्वांत जास्त वेळ मी खांबाच्या बुडावर घालवला. लाकूड बाजूने पाणी सावकाश पिते, पण आडव्या कापलेल्या टोकातून ते झपाट्याने वर चढते, कारण तिथे लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडे एकत्र बांधलेल्या पेंढ्याच्या काड्यांसारखी उघडी असतात. त्यातच पावसाचे थेंब जमिनीवर आपटून साधारण फूटभर उंच उडतात. म्हणून खांबाचे बूड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, दगडी बैठकीवर बसवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या टेकूवर आहे, आणि दगड व लाकूड यांच्यामध्ये हवा खेळेल इतकी फट मुद्दाम ठेवली आहे. टेकूचा आकार वाटीसारखा असता कामा नये, नाही तर त्यात पाणी साचते आणि खांब सतत त्यात बुडून राहतो. स्टेनलेसचा आग्रह अशासाठी, की ओकसारख्या लाकडातले टॅनिन हे तुरट, आम्लधर्मी द्रव्य साध्या लोखंडाला गंजवते आणि लाकूडही काळे पडते. या उघड्या अंतराचा आणखी एक फायदा आहे: वाळवी वर चढू लागली, तर तिचे मातीचे बोगदे दगडावर लगेच दिसतात.

छपराच्या दोन्ही पाख्यांची वळचण ७० सेंटिमीटर बाहेर काढली आहे, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर, खडीच्या पट्ट्यावर पडतील. भिंतीच्या फळ्या उभ्या आहेत आणि त्यांची खालची कड तिरपी कापली आहे, त्यामुळे थेंब तिथे रेंगाळत नाही. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण रुंदीत ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते; म्हणून प्रत्येक फळी मध्यरेषेवरच्या स्क्रूंनी धरली आहे आणि दोन फळ्यांमधली फट वरून पट्टी मारून झाकली आहे. फळीच्या दोन्ही कडा घट्ट जखडल्या, तर ती पहिल्या कोरड्या ऋतूतच उभी तडकते.

भिंती तीनच आहेत. अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेल या पदभ्रमंतीच्या लांब वाटेवर २५० हून अधिक निवारे आहेत आणि त्यांतले बहुतेक असेच एका बाजूने उघडे आहेत. कडाक्याची थंडी किंवा मोठा हिमवर्षाव नसेल, तर मला हीच रचना योग्य वाटते: दार नाही म्हणून बिजागरी, कडी, कुलूप काहीच बिघडत नाही, उजेड मिळतो आणि आतला ओलावा कोंडून राहत नाही. उघडी बाजू पावसाळी वाऱ्याकडे पाठ करून हवी, एवढे मात्र सांभाळावे लागते. आत २ मीटर खोलीचा लाकडी ओटा आहे. माणशी ६० सेंटिमीटर धरले, की सहा जणांना ३.६ मीटर रुंदी पुरते. चूल आत ठेवलेली नाही. जिथे चूल असते, तिथे भोवतालची पडलेली लाकडे लवकरच संपतात, आणि ती कुजणारी लाकडे कीटकांना व मातीला हवी असतात.

जागा निवडताना आधी वर पाहावे. वाळलेले झाड किंवा अडकून राहिलेली मोडकी फांदी डोक्यावर असेल, तर ती जागा सोडून द्यावी. ओढ्यापासून किमान ६० मीटर अंतर ठेवावे आणि मुळे तोडावी लागतील असे खोदकाम टाळावे.

लाकूड कुजू नये म्हणून करायच्या रासायनिक प्रक्रियेच्या बाबतीत मी ठाम आहे. आर्सेनिक असलेली द्रावणे माणसे झोपतात तिथे नकोत. बोरेट, म्हणजे बोरॉनचे क्षार, तुलनेने सौम्य आहे, पण पावसात धुऊन जाते, म्हणून ते फक्त छपराखालच्या भागांना. उरलेल्या ठिकाणी टिकाऊ जातीच्या झाडाच्या गाभ्याचेच लाकूड वापरावे, सालीजवळचा फिकट भाग काढून टाकावा.

सगळे साहित्य पायवाटेने खांद्यावरून न्यायचे आहे. १० बाय १० सेंटिमीटरचा, २.४ मीटर लांबीचा, घनमीटरला ६०० किलो भरणाऱ्या वाळलेल्या लाकडाचा खांब साधारण १४ किलोचा होतो, आणि याहून फार जड काही असू नये म्हणून पुढची तुळई अखंड न घेता मधल्या खांबावर जोडली आहे. खांबाचा खालचा अर्धा मीटर वेगळा तुकडा असून तो तिरक्या सांध्याने बोल्ट लावून बसवला आहे. बूड खराब झाले, तर तुळईला जॅक लावून तेवढाच तुकडा बदलता येतो. प्रत्येक भागावर क्रमांक कोरायचा आणि आराखड्यातही तोच द्यायचा असे ठरवले आहे, म्हणजे अनेक वर्षांनी येणाऱ्या सुताराला नेमका तो भाग आपल्या कारखान्यात कापून वर नेता येईल.