मुलीला लिहिलेलं पत्र कुठल्या खणात?

अमेरिकेतल्या एका ग्रंथालयात मी जुन्या पत्रांच्या मायक्रोफिल्म वाचून मजकूर टंकित करते. मागच्या पानाची झिरपलेली शाई फिल्मवर पुढच्या अक्षरांइतकीच काळी दिसते. त्यात एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी राजकारणी सॅमन चेस यांचं अक्षर. न लागलेला शब्द चौकटी कंसात टाकायचा, चुकलेलं स्पेलिंग मात्र जसंच्या तसं ठेवायचं. एवढं झालं की पत्राला वर्ग द्यायचा, ‘कौटुंबिक’ किंवा ‘राजकीय’, दोन्हींतला एकच. नियम ठरवणाऱ्याने चेस यांची पत्रं वाचली असतील असं वाटत नाही.

परवा हाती आलेलं पत्र जुलै १८६८ चं, मुलगी केट हिला लिहिलेलं. लिंकनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री असताना एक डॉलरच्या नोटेवर स्वतःचंच चित्र येऊ देणारे चेस आता सरन्यायाधीश होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवरच्या महाभियोगाची सुनावणीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली झालेली. तरी व्हाइट हाउसची ओढ सुटेना. रिपब्लिकनांकडून जमलं नाही, म्हणून आता डेमोक्रॅट. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला पक्षाचं अधिवेशन न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलमध्ये भरलेलं. न्यायाधीशाने तिथे फिरकणं शोभत नव्हतं. मग न्यूयॉर्कात राहून माणसं जोडत होती ती केट, वय सत्तावीस. बाईमाणसाला सभागृहात बोलायची सोयच नव्हती, त्यामुळे सगळं बाहेरून.

बाप तिला लिहितो की तू जरा जास्तच राजकारणी होऊ लागली आहेस, जपून राहा, छपरावरून ओरडून सांगता येणार नाही असं काही करू नकोस. केट शाळेत असताना हेच वडील तिच्या पत्रांतलं अक्षर नि स्पेलिंग सुधारत बसायचे. सूर तोच. आणि तिने थांबावं असं मात्र त्यांना मनापासून वाटत होतं, हे मला काही पटत नाही. अधिवेशनातल्या मतदानाच्या एका फेरीत कॅलिफोर्नियाचं नुसतं अर्धं मत चेसना पडलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला होता. पण बाविसाव्या फेरीत उमेदवारी गेली होरेशियो सीमोर यांना.

आमच्या साहेबांचं म्हणणं, “मुलीला लिहिलंय ना? मग कौटुंबिक.” माणूस वाईट नाही, पण रकाना भरला की त्याचं काम संपतं. प्रचाराचा अभ्यास करणारा ‘राजकीय’ वर्ग उघडेल आणि त्याला केट दिसणारच नाही. सूचीतही ती कन्या आणि सिनेटर स्प्रेग यांची पत्नी, एवढीच. स्प्रेगपुढे मात्र ‘राजकारणी’ असं छापलेलं आहे.

तोच शब्द केटपुढेही घालावा, असा अर्ज मी दिलाय. जोडपत्र म्हणून त्याच पत्राची प्रत लावली आहे. खुद्द वडिलांनीच तसं म्हटलंय, भले रागावून का होईना. अर्जावर अजून सही झालेली नाही.