दारे-चौकटींसाठी स्प्रे यंत्र निवडताना

स्प्रे यंत्राची चौकशी करायला दुकानात गेले की पहिला प्रश्न बजेटचा येतो आणि दुसरा भिंती किती रंगवायच्या आहेत याचा. काम फक्त दारे, चौकटी आणि पट्ट्यांचे असेल, तर हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. रंग कोणता मारायचा, तो किती दाट असतो आणि किती वेळात वाळतो, हे आधी ठरले पाहिजे. त्यावरून हवा किती लागेल ते ठरते, आणि गन कोणती हा निर्णय सर्वांत शेवटी येतो. सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घराची दारे नव्याने रंगवायची ठरली तेव्हा यंत्र शोधण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले आणि कागदावर गणित मांडून पडताळले, ते येथे लिहीत आहे.

दारे सागवानी आहेत, दिलेदार आहेत, म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या मध्ये लाकडी फळ्यांचे दिले बसवलेले आहेत, आणि त्यांच्यावर ऑइल पेंटचे अनेक थर चढलेले आहेत. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा तळमजल्याची दारे पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर असे दिसले की वरचा भाग बराचसा टिकला, खालच्या आडव्या पट्टीचा रंग मात्र पापुद्रे धरून सुटला. दाराच्या तळकडेला कधी रंगच लागलेला नव्हता, आणि तेथूनच लाकडाने पाणी ओढले. दार बिजागरीवर असताना त्या कडेपर्यंत ब्रशही पोहोचत नाही आणि फवाराही; म्हणून दारे उतरवून, सहाही बाजूंनी रंगवायची, हे यंत्र ठरण्याआधीच ठरले. जुन्या रंगाबाबत एक गोष्ट जाता जाता सांगतो. घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते असे धरूनच चालावे, ते कोरडे घासून धूळ उडवू नये, पाणी लावून वॉटर पेपरने घासावे आणि लहान मुलांना तेथून दूर ठेवावे.

आता रंगाकडे वळतो. नेहमीचा ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, स्वस्त आणि भरवशाचा आहे, पण तो सावकाश वाळतो. ब्रशसाठी हा गुण आहे, कारण रंगाला पसरून सपाट व्हायला वेळ मिळतो. फवारणीत मात्र तोच गुण दोन बाजूंनी अडचणीचा ठरतो. एक म्हणजे हवेत उडालेले कण ओलेच राहतात आणि फरशीवर, गाडीवर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन चिकटतात. दुसरे म्हणजे ओल्या पृष्ठभागावर कित्येक तास धूळ बसत राहते. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. हंगामात शिवारात पाचट पेटवले की त्याची काळी काजळी वाऱ्याबरोबर दूरवर येते, आणि पांढऱ्या दारावर बसलेला तिचा एक तुकडा काढायला गेले की बोटभर जागा बिघडते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि मेलामाइन ही फर्निचरची पॉलिशे झटपट वाळतात, पण पावसाळी दमट हवेत त्यांच्यावर पांढुरकी झाक येते. दोन घटकांच्या पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची, झळाळी आणि टणकपणा निर्विवाद आहे. तथापि त्याच्या हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकात) आयसोसायनेट हे रसायन असते, त्याचे कण श्वासात गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो आणि साधा कापडी मास्क तेथे निरुपयोगी आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या गावभागातील घरात पीयू फवारणे मला योग्य वाटले नाही. ज्याला तो हवाच असेल, त्याने दारे फर्निचरवाल्याच्या स्प्रे बूथमध्ये पाठवावीत. आम्ही पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्यायचे ठरवले. त्याचा वास कमी असतो, तो लवकर वाळतो आणि फवाऱ्याने पेट घेण्याची भीती राहत नाही. त्याचा दोष असा की तो दाट असतो आणि त्यात पाणी फार घालता येत नाही. यंत्राची निवड पुढे या एका दोषाभोवती फिरली.

सांगली-तासगाव भागात फवारणीचे तत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. द्राक्षबागेत एचटीपी पंप द्रवालाच दाब देऊन बारीक छिद्रातून बाहेर ढकलतो, तर ब्लोअरमध्ये पंख्याच्या हवेचा झोत थेंबांना पानांपर्यंत नेतो. रंगाच्या यंत्रांतही ढोबळमानाने असेच दोन प्रकार आहेत. पहिल्यात, म्हणजे एअरलेसमध्ये, हवा वापरलीच जात नाही. पंप रंगाला १,५०० ते ३,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ते २०० किलो इतका दाब देतो आणि त्या दाबानेच रंगाचे कण फुटतात. दुसऱ्यात हवा रंगाला फोडते आणि वाहूनही नेते.

एअरलेसची जाहिरात इतकी प्रभावी असते की प्रथमदर्शनी तोच घ्यावासा वाटतो. दाट रंग पातळ न करता मारता येतो, हे खरे आहे. नव्या इमारतीत शंभर फ्लश डोअर ओळीने उभी असतील, तर त्याला पर्याय नाही. घरच्या कामात मात्र त्याचे गणित जुळत नाही. पाव इंच व्यासाच्या ५० फूट नळीतच सुमारे अर्धा लिटर रंग मावतो. सात फूट बाय तीन फूट दाराच्या दोन्ही बाजू मिळून ४२ चौरस फूट होतात आणि एका हाताला त्यावर साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर रंग लागतो. म्हणजे एका दाराइतका रंग नळी भरण्यातच जातो, आणि काम संपल्यावर तो काढून पंप व नळी धुण्यासाठी पाणी किंवा थिनर लागतो तो वेगळाच. शिवाय दाराच्या नक्षीत आणि दिल्यांच्या कोपऱ्यांत हात क्षणभर रेंगाळला, तरी रंग इतक्या वेगाने येतो की ओघळ आलाच. ज्यांना तरीही एअरलेस घ्यायचा आहे, त्यांनी टिपवरील आकडा वाचायला शिकावे. ५१७ असे लिहिलेले असेल, तर पहिला अंक दुप्पट करावा, म्हणजे एक फूट अंतरावरून फवाऱ्याची रुंदी १० इंच. शेवटचे दोन अंक म्हणजे छिद्र इंचाच्या १७ हजारांश भागाचे. ही टिप भिंतीची आहे. दारासाठी ३१०, ३१२ आणि अरुंद पट्ट्यांसाठी २०८, २१० अशा टिपा लागतात, आणि यंत्रासोबत त्या सहसा येत नाहीत. आणखी एक इशारा देणे आवश्यक आहे. एवढ्या दाबाचा फवारा बोटाला जवळून लागला, तर रंग कातडीखाली शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. टिप चोंदली म्हणून बोटाने पुसायची सवय या यंत्रावर चालत नाही.

हवेवर चालणाऱ्या गनमध्ये सर्वाधिक नाव ऐकू येते ते एचव्हीएलपीचे. हवा भरपूर, दाब कमी, असे त्याचे तत्त्व आहे. एअर कॅपपाशी, म्हणजे गनच्या तोंडावरील हवेच्या टोपीपाशी, दाब १० पीएसआयच्या आत ठेवायचा ही व्याख्या दक्षिण कॅलिफोर्नियातील प्रदूषण नियंत्रणाच्या नियमांतून रूढ झाली आणि फवारलेल्या रंगापैकी किमान ६५ टक्के वस्तूवर बसावा, ही अपेक्षाही तेथूनच आली. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये निम्म्याहून अधिक रंग हवेत जातो, हे लक्षात घेता हा फरक मोठा आहे. पण 'हवा भरपूर' या दोन शब्दांकडे खरेदीच्या वेळी दुर्लक्ष होते. गनच्या खोक्यावर १२ सीएफएम (मिनिटाला १२ घनफूट हवा) लिहिलेले असेल, तर तिला मिनिटाला सुमारे ३४० लिटर हवा पाहिजे. एक एचपीचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात साधारण ४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ११३ लिटर देतो. ५० लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून ४ बारवर येईपर्यंत तिच्यातून २०० लिटर हवा मिळते. तूट मिनिटाला २२७ लिटरची असल्यामुळे ही शिल्लक मिनिटभरही पुरत नाही, आणि दाराची एक बाजू अर्धी झाली नाही तोच दाब पडून फवाऱ्यातून जाड थेंब येऊ लागतात. त्यानंतर दोष गनला दिला जातो.

कॉम्प्रेसरच्या पट्टीवरील आकडाही जपून वाचावा. पुष्कळदा तेथे पिस्टनच्या घनफळावरून काढलेला आकडा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी असते, म्हणून दुकानदाराला एफएडी किती, असेच विचारावे. दोन एचपीचा कॉम्प्रेसर घरच्या सिंगल फेजवर चालतो, पण सुरू होताना तो मोठा प्रवाह ओढतो. जुन्या वायरिंगवर त्याला लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डाने जोडू नये. लांबी वाढवायचीच असेल तर हवेच्या नळीची वाढवावी. गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे आणि टाकीचा तळाचा कॉक दररोज उघडून साचलेले पाणी काढले पाहिजे.

कॉम्प्रेसरच नको असेल, तर टर्बाइनचा पर्याय आहे. व्हॅक्युम क्लीनरसारखी मोटर सतत हवा फेकते, त्यामुळे टाकी नाही आणि साचणारे पाणीही नाही. तीन, चार आणि पाच स्टेजच्या, म्हणजे एकामागोमाग तितके पंखे असलेल्या, टर्बाइन मिळतात. स्टेज जितके जास्त, तितका दाब जास्त आणि तितका दाट रंग नीट फुटतो. मला हा प्रकार मनापासून आवडला होता. मात्र टर्बाइनची हवा गरम असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पाण्याचा रंग दारावर पोहोचेपर्यंतच अर्धा सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. शिवाय चांगल्या चार-पाच स्टेजच्या टर्बाइनची किंमत एका घराच्या दारांसाठी परवडणारी नाही. हातात धरायच्या, मोटर गनमध्येच असलेल्या काही हजार रुपयांच्या यंत्रांबद्दल एवढेच म्हणेन की ग्रिल, फाटक आणि प्रायमर यांसाठी ती ठीक आहेत. दर्शनी दाराच्या शेवटच्या हाताला त्यांचे थेंब जाड पडतात.

शेवटी दोन एचपीचा कॉम्प्रेसर आणि कमी हवा लागणारी, वर कप असलेली गन, अशी जोडी घेतली. गनची हवेची गरज कॉम्प्रेसरच्या एफएडीच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा मी स्वतःपुरती घालून घेतली होती. वरचा कप घेण्याचे कारण साधे आहे: घोड्यांवर, म्हणजे सुतारी लाकडी तिवयांवर, आडव्या ठेवलेल्या दारावर गन खाली झुकवावी लागते, तेव्हा खालच्या कपातील नळी रंगाऐवजी हवा ओढू लागते, तर वरच्या कपातील रंग शेवटपर्यंत उतरतो. नोझल दाट पाणीदार रंगासाठी १.८ मिलिमीटरचे लागते; लॅकर किंवा पातळ केलेल्या इनॅमलसाठी १.३ ते १.५ पुरते. दोन्ही संच मिळतील अशीच गन घ्यावी. पाण्याचा रंग वापरणाऱ्यांनी सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचे असल्याची खात्री करून घ्यावी, अन्यथा आतल्या गंजाचे तांबूस ठिपके पांढऱ्या दारावर उमटतात. वॉशर आणि पॅकिंग सांगलीत किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ मिळते का, हेही आधीच विचारून ठेवावे.

गनच्या बरोबरीने मी एक बी-४ फोर्ड कप घेतला, आणि माझ्या मते संपूर्ण खरेदीत किमतीच्या मानाने सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे. कप रंगाने भरायचा, खालच्या छिद्रावरील बोट काढायचे आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. हवेच्या गनसाठी पातळ केलेला इनॅमल साधारण २० ते २५ सेकंदांत उतरावा. पाण्याच्या रंगाला जास्त वेळ लागतो, आणि तेथे रंगाच्या डब्यावर दिलेली पाण्याची मर्यादा ओलांडू नये. अनुभवी पेंटर काडीवरून ओघळणारी धार पाहून हे ओळखतात. ज्यांच्याकडे तो अनुभव नाही, त्यांच्यासाठी घड्याळ आहे.

चौकटींबाबत माझे मत अनेकांना पटणार नाही. दारे उतरवता येतात, चौकटी भिंतीत असतात. राहत्या घरात चौकटीवर फवारणी करायची, तर दोन्ही बाजूंच्या भिंती, फरशी आणि स्विचबोर्ड कागदाने व मास्किंग टेपने झाकण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात चांगला पेंटर ब्रशने चौकट पूर्ण करतो. म्हणून चौकटी ब्रशने आणि लहान फोम रोलरने करून घेतल्या. जागेवर बसलेले स्कर्टिंगही तसेच. सुट्या बीडिंग पट्ट्या मात्र बसवण्यापूर्वीच ओळीने मांडून फवाराव्यात आणि नंतर खिळ्यांच्या डोक्यांवर लांबी (पुट्टी) भरून तेवढीच जागा ब्रशने सारखी करावी.

कामासाठी पाऊस संपल्यानंतरचे आणि ऊसतोडणी ऐन भरात येण्यापूर्वीचे दिवस निवडले. सकाळी ऊन चढण्याआधी, वारा पडलेला असताना मागच्या पडवीत पाणी शिंपडून धूळ बसवायची आणि मग घोड्यांवर दार ठेवायचे. आधी कडा, नंतर दिल्यांची नक्षी, मग दिले आणि शेवटी आडव्या-उभ्या पट्ट्या, असा क्रम ठेवला. गन सहा ते आठ इंचांवर धरून प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवला. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेत लांब स्क्रू बसवले, की त्यांना धरून ओले दार उलटवता येते आणि दुसरी बाजू त्याच बैठकीत होते. स्क्रूची भोके नंतर बुजवून त्यांवर रंगाचा हात देणे विसरू नये, कारण पुराचे पाणी तेथूनच आत शिरेल.

रस्त्याकडचे मुख्य दार मात्र या यादीत नाही. त्याचे सागवान उघडे ठेवायचे असल्यामुळे त्यावर स्प्रे चालवणार नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने हाताने पॉलिश करणारा कारागीर मिरजेत पाहिला आहे. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेथे लाखेच्या पॉलिशचा हात अजून टिकून आहे. लाख पाण्याला आणि उन्हाला टिकत नाही, हे तो स्वतःच सांगतो. त्यामुळे दाराच्या आतल्या बाजूला लाख आणि रस्त्याच्या बाजूला बाहेरच्या लाकडासाठीचे तेल, असे त्याच्याशी ठरले आहे.