तिकडं बसून तुला काय करायचंय?

दर वर्षी कोल्हापूरला आले की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. कधी मामाकडून, कधी शाळेतल्या मैत्रिणीच्या नवऱ्याकडून, एकदा तर स्टँडवरून घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्या काकांकडून. "तू ऱ्हातीस तिकडं, टॅक्स भरतीस तिकडं, मग इथल्या राजकारणाचं तुला काय करायचंय?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. प्रश्नही रास्त आहे. आजवर मी हसून विषय बदलत आले. पण तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी नीट उत्तर देते.

मी २०१६ पासून नेदरलँड्समध्ये नायमेखेन नावाच्या गावात राहते. ऱ्हाइन नदी जर्मनीतून इकडे आली की तिला फाटे फुटतात, त्यातला सगळ्यात मोठा वाल. तिच्या काठावर आमचं गाव. माहेर शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे माझी दोन्ही घरं नदीच्या मर्जीवर आहेत. राजकारणावर मी जे काही बोलते ते तिथूनच सुरू होतं.

शाहूपुरीतल्या घराच्या जिन्यात बाबांनी भिंतीवर पेन्सिलीनं तीन रेघा ओढल्यात. सगळ्यात खालची २००५ ची. तिच्यापेक्षा पुष्कळ वर २०१९ ची, आणि तिला जवळजवळ चिकटून २०२१ ची. प्रत्येक रेघेपुढं तारीख आणि वेळ, बाबांच्या तिरक्या अक्षरात. घराला दोनदा रंग दिला, पण तेवढा पट्टा त्यांनी रंगाऱ्याला शिवू दिला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी इथं नेदरलँड्समध्ये होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यांबरोबरच पाठ होतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, वीज नाही. आई-बाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं. आई दिवसातून दोनदाच फोन सुरू करायची, सकाळी आठला आणि रात्री नऊला, बॅटरी पुरावी म्हणून. बाकी वेळ मी ऑफिसात बसून राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती क्युसेक होतोय ते शोधत असे. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "तांदळाचा डबा वर आणला गं, शिलाईची मशीन तेवढी राहिली." त्या मशीनवर तिनं पंचवीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले होते. पाणी ओसरल्यावर मशीनचं लाकूड फुगून उकललं होतं आणि चाक गाळानं घट्ट बसलं होतं. भंगारवाल्याला द्यायला ती तयार नव्हती. अजून माळ्यावर आहे.

आता इकडचं सांगते. "तिकडं सगळं शिस्तीत असंल न्हवं?" असं लोक विचारतात. शिस्त आहे, पण तिचं मला फारसं अप्रूप उरलेलं नाही. डॉक्टरकडं गेलं की बऱ्याचदा पॅरासिटामॉल घ्या आणि थांबा असंच ऐकायला मिळतं. भाड्याचं घर मिळता मिळत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींकडं मुलगा भेटीची तारीख आधी ठरवून येतो, आणि ती तारीख त्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. या गोष्टींची मला सवय झाली, पण आजींच्या कॅलेंडरची मात्र अजून झालेली नाही.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इथं पाण्याचं वेगळं सरकार आहे. त्याला 'वॉटरशॅप' म्हणतात. तेराव्या शतकापासून चालत आलेली ही संस्था आहे आणि आज देशात असे २१ वॉटरशॅप आहेत. बांध, कालवे, पंप, सांडपाण्याची शुद्धी हे त्यांचं काम. त्यांचा कर वेगळा. दर वर्षी त्याचं बिल घरी येतं, आणि हे पैसे पाण्यासाठीच आहेत हे भरणाऱ्याला ठाऊक असतं. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते, आणि तिच्यात रीतसर राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत देता येतं.

१५ मार्च २०२३ ला मी ते मत दिलं. प्रांतांची निवडणूक त्याच दिवशी होती. डच लोकांना दोन मतपत्रिका मिळत होत्या, मला एकच. पण ती एकच घडी उलगडली तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोंबायला लागली, कारण प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक उमेदवाराचं नाव तिच्यावर छापलेलं असतं. नावापुढचा बारीक गोल लाल पेन्सिलीनं रंगवायचा. पेन्सिल दोरीनं टेबलाला बांधलेली. मला गोल रंगवायला कितीतरी वेळ लागला. तेव्हा जिन्यातल्या त्या तीन रेघा माझ्या डोळ्यांपुढं होत्या.

हे मत माझ्या हातात आलं त्या दिवशी कोल्हापूरची स्थिती काय होती? महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता. पुढंही तसाच राहिला. पाच वर्षं निवडणूक झाली नाही. म्हणजे परक्या देशात भारतीय पासपोर्टवर राहणारी मी माझ्या नदीच्या बांधासाठी मत देत होते, आणि ज्यांच्या जिन्यात पाणी चढलं त्या माझ्या बाबांना आपला नगरसेवक निवडता येत नव्हता. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते हे गाव. राधानगरीचं धरण त्यांनीच बांधायला घेतलं. आपल्या गल्लीतल्या गटारीबद्दल कुणाला जाब विचारायचा, हे अशा गावाला पाच वर्षं माहीत नसावं याचा मला संताप येतो. आणि दुसरा संताप असा की मला भेटणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. दिल्लीत कोण, मुंबईत कोण कुणाबरोबर, कोण फुटला, यावर रात्र रात्र चर्चा. पूररेषेच्या आत भराव पडतोय त्यावर दोन वाक्यं, आणि मग "चालायचंच".

इकडं सगळं सोपं आहे असं कृपा करून समजू नका. १९५३ च्या पुरात या देशात १८३६ माणसं गेली. १९९५ मध्ये नद्यांचे बांध फुटतील या भीतीनं सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर बांध आणखी उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच जागा द्यायची असं यांनी ठरवलं. आमच्या गावासमोर लेंट आहे. तिथला बांध ३५० मीटर मागं सरकवला आणि वाल नदीला आणखी एक पात्र खोदून दिलं. त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली. लोक भांडले, वर्षानुवर्षं भांडले, पण भांडायला समोर माणूस होता, बैठक होती, नकाशा होता. कोल्हापूरजवळच्या, पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडी गावांच्या पुनर्वसनाची गोष्ट मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय. गावची जमीन सोडून जाणं म्हणजे काय असतं हे मला कळतं, म्हणून त्या लोकांना शहाणपणा शिकवायला मी धजणार नाही. मला फक्त तो नकाशा हवा आहे, सगळ्यांना दिसेल असा. नेहमीच्या मोठ्या पुराची निळी रेषा कुठं, क्वचित येणाऱ्या महापुराची लाल रेषा कुठं, आणि तिच्या आत परवानगी कुणी दिली.

२०२१ च्या जुलैत तर आठवड्याच्या अंतरानं दोन्हीकडं पूर आला. आधी इथं दक्षिणेतल्या लिम्बर्ख प्रांतात, मग पंचगंगेला. इथंही घरं बुडाली, दुकानांत पाणी शिरलं. पाणी डच माणसाला वेगळं वागवत नाही. त्या वेळी शेजारच्या बाईंनी मला विचारलं होतं, तुमच्या गावाकडं काय करतात अशा वेळी? मी सांगितलं, तालमीची पोरं होड्या काढतात, शाळांमध्ये चूल पेटते, भाकऱ्यांचे ढीग येतात. हे सांगताना मला अभिमान वाटला, आजही वाटतो. पण भाकऱ्या पूर आल्यावर येतात. पूर येण्याआधी काय करतो, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू मला मान्य आहे. दूर बसलेल्यानं कुठं गप्प बसावं, हेही सांगितलं पाहिजे. जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद झालं. आईला व्हॉट्सॲपवर फोन लागेना. आणि त्याच दिवशी परदेशातल्या मराठी मंडळींचे ग्रुप कधी नव्हे इतके पेटले होते. गाव शांत करायला तिथली माणसं जीव तोडून धडपडत होती, आणि सात हजार किलोमीटरवर, जिथं एक खडाही येऊन लागणार नाही अशा ठिकाणी, लोक एकमेकांना व्हिडिओ पाठवत होते. कुठला, कधीचा, कुणालाच माहीत नाही. मी ते पुढं पाठवले नाहीत आणि तसं ग्रुपवर लिहिलं. दोघांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय.

त्यानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, इथल्या निवडणुकीत परदेशी लोकांच्या विरोधात प्रचार करणारा पक्ष ३७ जागा घेऊन पहिला आला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सुतकी शांतता होती. एकीनं लिहिलं, आपण इतकी वर्षं राहिलो तरी हे आपल्याला परकंच समजतात. मला तिचं दुःख खरं वाटलं, माझंही तेच होतं. त्या सकाळी बसमध्ये प्रत्येक चेहऱ्याकडं बघून वाटत होतं, हिनं दिलं असेल का मत त्यांना? ही भावना एकदा पोटात घेऊन बघितली की आपल्या गावात कुणाला 'हे इथले नव्हेत' म्हणणं माझ्या तोंडून निघणार नाही. ज्या बोलण्याची किंमत गावातल्या दुसऱ्या कुणाला मोजावी लागते, ते बोलायचा मला हक्क नाही. पण पाण्याचं तसं नाही. पाण्याची किंमत माझ्या आईनं मोजली आहे.

राहता राहिलं मतदान. पासपोर्ट भारतीय असेल तर परदेशात राहणाऱ्यालाही मतदार यादीत नाव घालता येतं, २०१० सालच्या कायदादुरुस्तीनं. मात्र मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं, टपालानं चालत नाही. २०२४ च्या लोकसभेला अशा सुमारे १ लाख १९ हजार मतदारांची नोंद होती आणि मत दिलं जेमतेम तीन हजारांनी. तेव्हा मलाही येता आलं नाही. त्या वर्षी दिवाळीला आले ती रजा वाढवून २० नोव्हेंबरपर्यंत थांबले, विधानसभेसाठी. आमची नावं यादीत अगदी शेवटी, वेगळी असतात. केंद्रावरच्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट केला, शेजारच्या साहेबांना दाखवला, यादीचं शेवटचं पान काढलं आणि माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आलासा?" मग बोटाला शाई लावली.

त्या रात्री मामा मला गंगावेशीत दूधकट्ट्यावर घेऊन गेला. म्हशीची धार समोर काढत होते, पेल्यावर फेस. मामानं माझ्या बोटाची शाई बघितली आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. त्याऐवजी म्हणाला, "तुझ्या त्या तिकडं, नदीच्या कडंला कुणी भराव टाकला तर?"

मी म्हटलं, भराव राहू दे मामा, बांधाजवळ खड्डा खणायचा तरी वॉटरशॅपची परवानगी लागते. आणि शेजाऱ्याला वाटलं तर तो हरकत घेतो.

"कुणाकडं?"

"त्यांच्याच ऑफिसात. लेखी."

मामानं पेला रिकामा केला, मिशी पुसली. थोडा वेळ म्हशीकडं बघत बसला.

"आणि मी घ्यायची म्हटली तर? सध्या कुणाकडं घ्यायची?"

"प्रशासकांकडं."

"आपल्या वॉर्डाचं कोण?"

चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या घरी आला, चप्पल न काढताच जिन्यात उभा राहिला आणि मोबाइलवर त्या तीन रेघांचा फोटो काढला. म्हणाला, "अर्जाला जोडायला."