लग्नाचा डेटा आणि डिस्कचा पिवळा इशारा

सांगली आणि मिरजेतल्या व्हिडिओ स्टुडिओंची एडिटिंगची मशीन सांभाळणे हे माझे काम आहे. लग्नसराईत या कामाला उसंत नसते, कारण एका लग्नाचे मिक्सिंग चालू असतानाच दुसऱ्याचे शूटिंग आटोपून कार्डे टेबलावर येऊन पडलेली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, वैशाखाच्या उन्हात, मशीनही कुरकुरू लागतात. गेल्या हंगामात विश्रामबागेतल्या एका स्टुडिओत जे घडले ते मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. देखभालीच्या सॉफ्टवेअरपैकी नुसते पाहणारे कोणते आणि डिस्कवर बदल करणारे कोणते, हे ठाऊक असण्यावर त्या दिवशी एका घरच्या लग्नाचे सगळे चित्रीकरण अवलंबून होते.

स्टुडिओच्या मालकांचा सकाळीच फोन आला. "ताई, टाइमलाइन पुढंच सरकंना झालीया. पार्टी टीझरसाठी मागं लागलीया. जरा येऊन बघा की." आतापर्यंत काय काय करून पाहिले, असे मी विचारले, तेव्हा जे समजले त्याने माझी काळजी वाढली. मशीन मंद झाले म्हणून एडिटरने 'वेग वाढवणारे' एक फुकट सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतले होते. त्याने रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, 'साफ' केली होती आणि आता डी ड्राइव्हचे डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे, सुरू केले होते. कोणीतरी ग्राफिक्स कार्ड कमी पडते असे सांगून नव्या कार्डाचा भावही काढून दिला होता. शिवाय त्याच दिवशी मशीन सुरू होताना डी ड्राइव्हची तपासणी करायची आहे असा विंडोजचा संदेश आला होता, आणि तो एडिटरने कळ दाबून टाळला होता. ते टाळणेच योग्य झाले, असे मी त्याला सांगितले. डीफ्रॅग ताबडतोब थांबवा, प्रीमिअर हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर बंद करा, मी येईपर्यंत डी ड्राइव्हवर एकही फाइल टाकू नका आणि काढूही नका, एवढे बजावून मी निघाले.

तिथे पोहोचल्यावर प्रथम टास्क मॅनेजर उघडला. ग्राफिक्स कार्डावर जेमतेम भार होता, प्रोसेसरही निवांत होता, पण डी ड्राइव्हचा व्यस्ततेचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटून बसलेला होता आणि प्रत्यक्ष वाचन मात्र सेकंदाला काही शे किलोबाइट इतकेच चालले होते. चांगली यांत्रिक हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट सहज वाचते. डिस्क राबते आहे, पण हाती काही देत नाही, याचा अर्थ ती एकाच जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमानावर एक नजर टाकली. ते उन्हाळ्याच्या मानाने ठीक होते, तेव्हा तो विषय तिथेच सोडला.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो चालवले. हे लहानसे मोफत सॉफ्टवेअर डिस्कवर काहीही लिहीत नाही, डिस्क आपल्या तब्येतीबद्दल स्वतःच ठेवत असलेल्या स्मार्ट नोंदी फक्त वाचून दाखवते. निरोगी डिस्कला ते निळा रंग देते, सावध व्हायचे असेल तेव्हा पिवळा आणि हाताबाहेर गेल्यावर लाल. इथे पिवळा होता. त्यातले मूळ आकडे षोडशमान पद्धतीत असतात म्हणून ते आधी दशमानात करून घेतले आणि चार ओळी पाहिल्या. '०५' ही ओळ आजवर बदली केलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या कप्प्यांची असते, 'सी५' वाचता न आल्यामुळे निर्णय लांबणीवर पडलेल्या सेक्टरांची, 'सी६' दुरुस्त न झालेल्यांची, आणि 'सी७' ही डिस्क व मदरबोर्ड यांच्यामधल्या केबलवर झालेल्या चुकांची. 'सी७' शून्य होता, म्हणजे केबलचा दोष नव्हता. 'सी५' मात्र काही शेंवर गेला होता, आणि मी पाहत असतानाच तो वाढला.

लांबणीवर पडलेला सेक्टर म्हणजे काय, हे मी मालकांना आणि एडिटरला तिथेच बसवून समजावले, कारण पुढचा सगळा खर्च आणि उशीर त्यांना पटायला हवा होता. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती त्याला लगेच बाद करत नाही. कधीतरी वाचता येईल या आशेने ती त्याची नोंद ठेवते. मात्र त्या जागी नवे काही लिहायचा हुकूम आला, की ती एक तर ते तिथेच लिहून मोकळी होते, नाहीतर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या बदल्यात जोडून देते. दोन्ही प्रकारांत जुना मजकूर कायमचा जातो. म्हणून आजारी डिस्कवर डीफ्रॅग करणे घातक असते, कारण ते हजारो फाइलींचे तुकडे इकडून तिकडे हलवत राहते. विंडोज जी तपासणी करू पाहत होते त्या चेकडिस्कचेही तसेच आहे. ते फाइलव्यवस्थेच्या नोंदी सुसंगत करण्यासाठी बनलेले आहे, मजकूर वाचवण्यासाठी नव्हे, आणि न जुळणारी नोंद ते छाटूनही टाकते. रजिस्ट्री साफ केल्याने मशीनचा वेग वाढलेला मी माझ्या कामात कधी पाहिलेला नाही, आणि असले सफाईचे प्रोग्राम एडिटिंगच्या मशीनवर नसावेत असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या प्रोग्रामच्या ५.३३ या आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेल्याचे उघड झाले होते. नाव न ऐकलेल्या प्रोग्रामांवर तर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

"दुसरी कॉपी कुठे आहे?" या माझ्या प्रश्नावर दोघेही गप्प झाले. कार्डे फॉरमॅट होऊन त्यांवर पुढच्या दोन लग्नांचे शूटिंग झाले होते. नुसतेच फॉरमॅट झाले असते तर पुसलेल्या फाइली परत काढणाऱ्या फोटोरेकने कार्डांतून बरेच काही परत मिळाले असते, पण वरून नवे चित्रीकरण लिहिले गेल्यावर तो मार्ग बंद होतो. म्हणजे ज्याचा टीझर द्यायचा होता त्या तासगावच्या लग्नाचा रॉ डेटा, मूळ चित्रीकरण, जगात फक्त या एका डिस्कवर होता.

मशीन बंद करून मी सिस्टमरेस्क्यूच्या पेन ड्राइव्हवरून ते लिनक्समध्ये सुरू केले, म्हणजे विंडोज परस्पर डिस्कवर काही लिहिणार नाही. दरम्यान जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल घेण्यासाठी मालकांनी तिच्याइतकीच, ४ टेराबाइटची नवी डिस्क आणली. तिची क्षमता जुनीच्या बरोबरीची किंवा जास्त असावीच लागते, कारण नक्कल शेवटच्या सेक्टरपर्यंत करायची असते. या कामासाठी मी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरते. त्यात मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे उलटे पडले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, म्हणून दोन्ही डिस्कांचे सिरियल नंबर मोठ्याने वाचून एडिटरकडून कागदावर लिहून घेतले, आणि पडद्यावरच्या यादीशी ते दोघांनी ताडून पाहिल्यावरच कमांड दिली.

डीडीरेस्क्यूची रीत मला फार आवडते. ते आधी सोपे तेवढे उचलते. जिथे अडते तिथे हट्ट न करता ती जागा एका नकाशाच्या फाइलीत टिपून पुढे जाते, आणि सगळा निरोगी भाग हाती आल्यावर मगच कठीण जागांकडे वळते. डिस्क केव्हाही दगा देईल अशा स्थितीत हा क्रमच सगळे वाचवतो. नकाशाची फाइल मी वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम सोडल्या जागेवरून पुढे सुरू करता येते. दुपारी वीज गेलीही. यूपीएसवर तग धरणे शक्य नव्हते, तेव्हा काम रीतसर थांबवले आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालू केले. डिस्कवर टेबलफॅनचा वारा धरला होता. निरोगी डिस्कलाही एवढ्या नकलेला सात-आठ तास लागतात, इथे पहिली फेरी संपायलाच रात्र झाली. खरवडून काढायची फेरी रात्रभर चालू ठेवून मी घरी गेले.

सकाळी नकाशा पाहिला, तेव्हा ४ टेराबाइटपैकी जेमतेम दोन-तीन मेगाबाइट वाचायचे राहिले होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ते मेगाबाइट कोणत्या फाइलींचे हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो. त्यासाठी डीडीरेस्क्यूमध्ये एक सोय आहे. नकाशातल्या बाद जागांवर, अर्थातच नव्या डिस्कवर, ते आपण दिलेली खुणेची अक्षरे भरते. मग सगळ्या फाइलींमध्ये ती अक्षरे शोधायची. ज्या फाइलीत ती सापडतील ती फाइल दुखावलेली. या शोधाने थोडी नावे हाती आली. काही प्रीमिअरच्या आवाजाच्या कॅश फाइली होत्या, त्या पुसल्या तरी प्रीमिअर पुन्हा बनवते. एक क्लिप पूर्वी देऊन झालेल्या लग्नाची होती. आणि एक होती तासगावच्या लग्नातली, मुख्य कॅमेऱ्याची, मंगलाष्टकांची.

ती उघडेचना. व्हीएलसीने नकार दिला, प्रीमिअरने नकार दिला. क्लिप कित्येक गिगाबाइटची होती आणि त्यातला फक्त शेवटचा कोपरा गेला होता, पण एमपी४ फाइलीत नेमका तोच कोपरा मोलाचा असतो. चित्र आणि आवाज एका मोठ्या भागात सलग साठवलेले असतात, आणि कोणती फ्रेम कुठे सुरू होते व किती लांबीची आहे याची यादी दुसऱ्या, 'मूव्ह' नावाच्या भागात असते. बहुतेक कॅमेरे शूटिंग थांबवल्यावर ही यादी फाइलीच्या शेवटी लिहितात. वहीची सगळी पाने शाबूत असावीत आणि अनुक्रमणिकेचे शेवटचे पान फाटून जावे, तसे झाले होते. फरक एवढाच, की वही अनुक्रमणिकेशिवाय वाचता येते, ही फाइल नाही.

अशा वेळी अनट्रंक हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवर घेतलेली एक धडधाकट क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. त्या नमुन्यावरून ते बिघडलेल्या फाइलीतल्या फ्रेम ओळखून यादी नव्याने बांधते. नमुना चुकला तर निकालही चुकतो, म्हणून त्याच लग्नातली सीमांतपूजनाची एक क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडून तिचा कोडेक, फ्रेम रेट, बिट डेप्थ आणि आवाजाचा प्रकार एकेक करून पाहिला आणि मंगलाष्टकांच्या आधीच्या क्लिपशी जुळतो याची खात्री केली. अनट्रंक चालवल्यावर नवी फाइल तयार झाली. ती एफएफएमपेगने आरंभापासून अखेरपर्यंत डीकोड करून चुका फक्त तेवढ्या छापायला सांगितल्या. शेवटच्या थोड्या सेकंदांत आवाजाच्या चुका दिसल्या, बाकी काही नाही.

मग ती लावली. 'शुभमंगल सावधान' झाले, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या आणि वधूच्या मामांनी डोळे पुसले, हे सगळे पडद्यावर नीट दिसले. मालक उभ्यानेच पाहत होते. "पार्टीला काय तोंड दाखवलं असतं ओ ताई," एवढेच ते म्हणाले. आवाज जिथे तुटत होता तिथे एडिटरने दुसऱ्या कॅमेऱ्याचा आवाज बसवला, आणि संध्याकाळी टीझर गेला.

त्यानंतर मी त्या स्टुडिओची घडी बसवून दिली. सगळ्यांत आधी ते वेग वाढवणारे सॉफ्टवेअर काढून टाकले. कार्डावरून कॉपी मारताना आता टेराकॉपीची पडताळणी चालू असते, त्यामुळे मूळ फाइल आणि नक्कल यांचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळल्याचे दिसल्यावरच कार्ड फॉरमॅट होते, आणि तेही दोन डिस्कांवर कॉपी झाल्यावर. दुसरी डिस्क मालकांच्या मिरजेतल्या मेव्हण्यांकडे वरच्या मजल्यावर ठेवायची असे ठरले. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीतल्या किती दुकानांत आणि तळमजल्यांत शिरले होते हे त्यांनी पाहिले असल्यामुळे, ही गोष्ट त्यांना पटवून द्यावी लागली नाही. प्रीमिअरची मीडिया कॅश वेगळ्या एसएसडीवर नेली. जागा कुठे अडली आहे ते विझट्री काही क्षणांतच दाखवते, कारण ते विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेची मुख्य सूचीच थेट वाचते, आणि पुसायचे की नाही हा निर्णय माणसाकडे ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो पार्श्वभूमीवर चालू ठेवले, म्हणजे 'सी५' हलला की इशारा मिळेल. ग्राफिक्स कार्डाला नवे घेण्याइतके काहीच झालेले नव्हते, तेव्हा तो खर्च वाचला.

त्याच भेटीत शेजारच्या मशीनची डिस्कही पाहिली. तिथे '०५' आणि 'सी५' दोन्ही शून्य होते, पण 'सी७' बराच वाढलेला होता. हीही डिस्क गेली असे समजून एडिटर घाबरला, कारण आदल्या दिवसाचा धसका अजून गेला नव्हता. मी कॅबिनेट उघडले, तर साटा केबल पंख्याच्या जाळीजवळ मुडपून दाबली गेली होती. ती बदलली. 'सी७'चा आकडा कधीच मागे येत नाही, म्हणून तो दिवसासह कागदावर टिपून कॅबिनेटच्या आत चिकटवला. पुढच्या फेरीला पाहिले तेव्हा तो तेवढाच होता.