आधी पाणी, मग ग्रीस

जुनी व्हॅन होती. पुढे लोअर आर्म (चाकाला धरून वर-खाली होणारी खालची भुजा) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). तक्रार एकच: गतिरोधकावर चढताना चुईं, उतरताना चुईं. चालवणारा जाता जाता बोलून गेला, "पावसात मात्र आवाज येत नाही." माझ्या दृष्टीने कामाची गोष्ट हीच होती. भिजल्यावर थांबणारा आवाज बहुतेक वेळा रबर कोरडं पडून लोखंडावर घासत असल्याचा असतो.

गाडीखाली वाकलो तर आधीच्या उपचाराच्या खुणा दिसल्या. स्टॅबिलायझर बार म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा; त्याचे दोन्ही बुश, म्हणजे दांड्याला धरणारे रबरी तुकडे, इंजिन ऑइलने माखलेले, त्यावर धुळीचा जाड थर. रबराच्या कडा क्लॅम्पबाहेर फुगून आल्या होत्या आणि बोट लावलं की काळा चिकट डाग पडत होता. नैसर्गिक रबरात खनिज तेल मुरतं. रबर फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी हातात तुकडे येतात. इंजिन ऑइल, डिझेल, गंज सोडवायचा फवारा, चाकाच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस, सगळ्यांची तीच गत. आवाज आठवडाभर थांबतो, म्हणून माणूस फसतो.

म्हणून ग्रीसच्या डबीला हात लावण्याआधी पाण्याची फवारणीची बाटली घेतली. गाडी चाकांवरच उभी ठेवायची; जॅकवर उचलली की सस्पेन्शन लोंबकळतं आणि आवाज लपतो. एकाने बंपर दाबून गाडी हलवायची, दुसऱ्याने एका वेळी एकाच बुशवर पाणी मारायचं. सगळीकडे एकदम मारलं तर आवाज थांबतो, पण कुठला थांबला ते कळत नाही. डावा बार-बुश भिजवला, आवाज निम्मा झाला. उजवा भिजवला, चुईं गेलं. उरली खालच्या सुरातली एक जाड करकर. लोअर आर्मच्या मागच्या बुशवर पाणी ओतलं तरी ती हलेना.

इथे दोन बुशांतला फरक लक्षात घ्यायला हवा. बारचा बुश सरकणारा असतो: रबराच्या भोकात दांडा थोडा फिरतो, म्हणून तिथे वंगणाला अर्थ आहे. (काही गाड्यांत तो दांड्यालाच चिकटवलेला असतो, तिथे ग्रीस चालत नाही.) लोअर आर्मचा बुश सहसा सरकतच नाही. आतली नळी बोल्टने आवळलेली, बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली, मधलं रबर दोन्हींना पक्कं चिकटलेलं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळवटतं, घासत नाही. हा बुश वाजतोय म्हणजे चिकटलेला जोड सुटलाय किंवा रबर फाटलंय. तिथे ग्रीस भरणं म्हणजे फाटलेल्या भागाला सरकायला मदत करणं. आवाज दबेल, पण चाकाचा कोन ढळत राहील आणि टायर एका कडेने झिजेल.

पहार लावून आर्म हलवला तर मागच्या बुशमध्ये स्पष्ट फट उघडली. बदलण्यावाचून इलाज नव्हता.

बारचं काम आधी उरकलं. क्लॅम्प सोडले, जुने बुश फेकले. दांड्यावर गंजाचे कंगोरे होते. ते तसेच ठेवले असते तर नवा बुशही महिन्याभरात वाजला असता, म्हणून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या मोजपट्टीने) दांड्याची जाडी मोजली. हे मोजमाप टाळू नये; मिलिमीटरभर मोठ्या भोकाचा बुश ठकठक करतो आणि तितकाच लहान असेल तर करकरतो.

ग्रीस घेतलं सिलिकॉनचं, घट्ट, पाण्याने न धुणारं. फवाऱ्यातलं सिलिकॉन नाही: त्यातला द्रव उडून गेला की पातळ पापुद्रा उरतो आणि तो फार दिवस टिकत नाही. शिवाय फवारा उडून ब्रेकच्या डिस्कवर गेला तर मोठी आफत. एरंडेल तेलापासून बनणारं लाल रबर ग्रीसही नैसर्गिक रबराला चालतं, पण उघड्यावर, चिखलपाण्यात मी सिलिकॉनच पसंत करतो. पॉलियुरेथेनचे बुश असते तर पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेलं सिलिकॉन ग्रीस लागलं असतं. ते बुश कोरडे बसवले की हमखास वाजतात. प्रमाण म्हणाल तर हरभऱ्याएवढा गोळा एका बुशच्या आतल्या बाजूला पुरतो. रबरावर चकाकी दिसेल इतपत चोळायचं. बाहेर ओघळलेलं ग्रीस फक्त धूळ गोळा करतं. क्लॅम्पचे बोल्ट दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच आवळले, नाहीतर दांडा पिळलेल्या अवस्थेत अडकतो.

आर्मचा बुश प्रेसवर काढून नवा दाबला. दाबताना बाहेरच्या नळीला फक्त साबणपाणी. आर्म गाडीला लावल्यावर मुख्य बोल्ट हातानेच बसवला, गाडी खाली उतरवली, चार-पाचदा दाबून बसू दिली आणि मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळला. चाक लोंबकळताना आवळलं तर गाडी उभी असतानाच रबर पिळलेलं राहतं. बुश अकाली फाटण्याचं हे एक नेहमीचं कारण.

मागच्या पाट्यांचंही थोडं पाहिलं. टोकांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या शाबूत होत्या, म्हणून हात लावला नाही. झिजलेल्या असत्या तर चासी उचलून पाटे उघडायचे, पट्ट्या बदलायच्या, फार तर कोरडं ग्राफाइट मारायचं. साधं ग्रीस तिथे मातीत मिसळून पॉलिश पेपरचं काम करतं.

नंतर चाकांचं अलाइनमेंट करून गाडी गतिरोधकांवरून फिरवली. चुईंही नाही, करकरही नाही. जुना आर्म-बुश वाइसमध्ये धरून करवतीने उभा कापला. आतल्या नळीभोवतीचं रबर अर्ध्याहून अधिक परिघात सुटलेलं होतं, लोखंड घासून आरशासारखं चकचकीत झालं होतं आणि फटीत तेच काळं तेल साचलं होतं.